दूध आणि शब्द

ग्रहणात गरोदर बाईने विळी हाती धरली की मूल फाटक्या ओठाचे निपजते, असे आमच्या घरच्या वडीलधाऱ्या बायका अगदी खात्रीने सांगत. मौज अशी की, ग्रहणाचा हाच धाक मेक्सिकोतल्या बायकांनाही आहे. सूर्यचंद्रांनी दोन खंडांतल्या आयांवर सारखाच ठपका ठेवावा, हे नवलच! खरी हकीकत साधी आहे. गर्भाचा चेहरा दोन्ही बाजूंनी वाढत येऊन मध्ये सांधला जातो. ओठ सहाव्या-सातव्या आठवड्यात, टाळू बाराव्याच्या सुमारास. सांधा जुळायचा राहिला की फट उरते. सुमारे ७०० जन्मांत एकदा असे घडते. त्यात काही वाटा आनुवंशिकतेचा, काही इतर कारणांचा; विळीचा मुळीच नाही.

या फटीच्या इतिहासात शस्त्रवैद्यांची नावे पुष्कळ. सुश्रुतसंहितेत नाकाच्या पाठोपाठ ओठ सांधण्याचाही विधी आला आहे. पण मला त्या इतिहासाची दुसरीच बाजू ओढ लावते: असल्या मुलाने प्यायचे कसे, आणि बोलायचे कसे?

चौथ्या शतकाच्या अखेरीस चीनमध्ये वेई योंगची नावाचा एक गरीब घरचा मुलगा होता. ओठ जन्मापासून दुभंगलेला. जिंगचौच्या सुभेदाराच्या पदरी कुशल वैद्य आहे असे ऐकून, अठराव्या वर्षी तो तिकडे गेला. वैद्य म्हणाला, कापून शिवता येईल. पण शंभर दिवस पातळ पेजेवर राहावे लागेल, हसायचे नाही, बोलायचे नाही. मुलाने सांगितले की, उरलेल्या अर्ध्या आयुष्यासाठी अर्धे आयुष्य मुके राहायचीही आपली तयारी आहे. शंभर दिवसांचे काय घेऊन बसलात? पुढे तोच जिंगचौचा सुभेदार झाला.

हे ओठाचे झाले. टाळूपर्यंत सुई पोहोचायला फार शतके लागली. १८१६ मध्ये बर्लिनच्या ग्रेफेने ती शिवली, आणि १८१९ मध्ये पॅरिसच्या फिलिबेर रूने. रूचा रोगी जॉन स्टीफन्सन हा मॉन्ट्रियलचा, वैद्यकीचाच विद्यार्थी. टाळूचा मागला मऊ पडदा जन्मतः दुभंगलेला. भूल देण्याची सोय तेव्हा नव्हती. रोगी जागा, तोंड उघडे, आणि सुई घशाशी! पुढल्याच वर्षी या पठ्ठ्याने एडिंबरोला लॅटिन प्रबंध सादर केला. विषय, त्याची स्वतःची टाळू. १८२३ मध्ये मॉन्ट्रियलला ज्या चौघांनी वैद्यकाची शाळा काढली त्यांत तो होता. तीच पुढे मॅगिल विद्यापीठाची वैद्यकशाखा झाली. ज्याचे बोलणे नाकात जाई, त्याने वर्गापुढे व्याख्याने द्यावीत, याचे मला फार कौतुक वाटते.

अशा कहाण्यांनी एक भ्रमही पसरला: टाळू शिवली की वाणी आपोआप शुद्ध होते. वाचकहो, आपली वर्णमालाच पाहा ना. प, फ, ब, भ म्हणताना मऊ पडदा वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद होते. म साठी ती उघडी राहते. वाट बंदच होत नसेल तर ब चा म होतो, द चा न होतो. मूल ‘बाबा’ म्हणू जाते, घरच्यांना ‘मामा’ ऐकू येते, आणि शेजारची पोरे हसतात. मग मूल आपल्यापुरती युक्ती काढते. तोंडात हवा कोंडत नाही ना, तर खाली घशातच ती अडवून झटका देते. पुढे टाळू शिवली तरी ही सवय उरते. टाक्यांनी सवय जात नाही.

पॅरिसचा शस्त्रवैद्य व्हिक्टर व्हो याला हे उमगले. आपण शिवलेली मुले बोलतात कशी, हे तपासायला १९२६ च्या सुमारास त्याने सुझान बोरेल या ध्वनिशास्त्र शिकलेल्या तरुणीची मदत घेतली. बाई तपासून थांबल्या नाहीत; शिकवू लागल्या. फ्रान्समधला वाचोपचाराचा व्यवसाय त्यांच्यापासून सुरू झाला, आणि १९६४ मध्ये कायद्याने त्याला मान्यता दिली. आपल्याकडे १९६५ मध्ये म्हैसूरला अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था निघाली. पूर्वी फुगे फुगवा, फुंकण्या वाजवा, असे व्यायाम सर्रास सांगत. फुंकणे वेगळे, बोलणे वेगळे. त्याने उच्चार सुधारत नाहीत, असे आता दिसून आले आहे. जीभ कुठे टेकवायची, ओठ कसे मिटायचे, हे दाखवून एकेक अक्षर घोटून घ्यावे लागते. फट मोठीच राहिली असेल तर पुन्हा शस्त्रवैद्याकडे जावे लागते, हेही खरे.

राहता राहिले दूध. त्याची कथा शब्दांहून जुनी, पण ती लिहायला कोणी बसले नाही. टाळू दुभंगलेले बाळ बहुधा गिळू शकते. ओढू शकत नाही, कारण तोंडाची पोकळी बंदच होत नाही. फट नुसत्या ओठाला असेल तर ते पुष्कळदा अंगावर पिते. टाळू फाटली की झगडते, दमते, आणि उपाशीच झोपी जाते. इंग्लंडात मँडी हॅबरमन या बाईंची मुलगी १९८० मध्ये अशीच जन्मली, तेव्हा त्यांनी झडपेची बाटली शोधून काढली. बाळाने बोंडी हिरड्यांत नुसती दाबली की दूध येते. आपल्या जुन्या घरांत चोचीचे बोंडले होते, तमिळ घरांत पालाडै. त्यांनाही ओढावे लागत नाही. ओठ साधारण तीन महिन्यांनंतर शिवतात, टाळू वर्ष-दीड वर्षाच्या आत. तोवर आईने किंवा आजीने बाळाला उभट धरायचे, घोटघोट दूध द्यायचे, मध्येमध्ये ढेकर काढायचा. आणि एका पाजण्याला अर्ध्या तासाहून अधिक लावायचा नाही, कारण पुढे पिण्याच्या श्रमातच बाळ प्यालेले दूध खर्चून टाकते.