ना. गो. चापेकर : एका गावाचा अभ्यासक

आज आपण नारायण गोविंद चापेकर यांच्याविषयी बोलणार आहोत. नाव ऐकलेलं असेल, नसेलही. पण त्यांचं गाव इथून फार लांब नाही. ठाण्याहून कर्जत लोकल पकडली की तासाभरात बदलापूर येतं.

चापेकरांचा जन्म १८६९ चा, मुंबईतला. कायद्याचं शिक्षण घेऊन ते न्यायखात्यात गेले, न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले आणि बदलापुरात राहू लागले. त्यांनी 'हिमालयात' हे प्रवासाचं पुस्तक लिहिलं. पण त्यांचं सर्वांत मोलाचं काम लांबच्या मुलखावर नाही. ते आहे राहत्या गावावर : 'आमचा गाव बदलापूर', प्रकाशन १९३३.

आता हे काम वेगळं का, ते पाहू. ठाणे जिल्ह्याची माहिती त्याआधी लिहिली गेली नव्हती असं नाही. सरकारी गॅझेटियरचा ठाण्याचा खंड १८८२ मध्येच निघाला होता. पण तो कारभारासाठी, जिल्हा हे एकक धरून आणि इंग्रजीत लिहिलेला. मराठीत त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ मध्ये आला. मोठाच ग्रंथ, पण त्यातलं गाव हे एकूण मराठी मुलखातलं गाव आहे. चापेकरांनी एकच, नकाशावर बोट ठेवून दाखवता येईल असं गाव घेतलं. तिथली माणसं, जाती, धंदे, चालीरीती, बोलणं, सगळं टिपून ठेवलं. एम. एन. श्रीनिवास कर्नाटकातल्या रामपुरा या गावी अभ्यासाला जाऊन राहिले ते १९४८ साली. म्हणजे त्याच्या पंधरा वर्षं आधी आपल्या जिल्ह्यातल्या एका गावाचं पुस्तक मराठीत तयार होतं!

मला यात न्यायाधीशाची सवय दिसते. कोर्टात 'असं म्हणतात' चालत नाही. कोण म्हणतो, कशावरून म्हणतो, हे विचारावं लागतं. 'पेशवाईच्या सावलीत' या पुस्तकातही त्यांनी लढाया बाजूला ठेवल्या आणि जुन्या हिशेबांच्या कागदांतून लोकांचं रोजचं जगणं शोधलं. मोठ्यांचा इतिहास लिहायला पुष्कळ जण होते. भाव काय होता, लग्नात काय लागायचं, हे कोण लिहिणार?

अर्थात एक भान ठेवायला हवं. गावात विचारणारा माणूस न्यायाधीश, शिकलेला, वरच्या जातीतला. त्याच्यासमोर कूळ किंवा मजूर किती मोकळेपणाने बोलला असेल? म्हणून हे पुस्तक वाचताना काय सांगितलंय याच्याबरोबर कोणाला सांगितलंय, तेही पाहावं. त्याने पुस्तकाची किंमत कमी होत नाही; आपलं वाचन मात्र नेमकं होतं.

१९३४ मध्ये बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. १९६८ मध्ये, शंभरी जवळ आली असताना, ते गेले. त्यांच्या गावाचं पुढे काय झालं, ते आपण जाणतोच. २०११ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या घरात होती. चापेकरांनी पाहिलेलं गाव आज इमारतींच्या खाली गेलंय, पण त्याची नोंद शिल्लक आहे.

आणि आपली कोपरी? शेजारी चेंदणी कोळीवाडा आहे, फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची वस्ती आहे, 'मीठबंदर' हे नाव अजून रस्त्याला आहे. त्या बंदरावरच्या मिठाचा व्यवहार कसा चालायचा, जाळी कोण विणायचं, निर्वासितांनी पहिलं दुकान कशाचं टाकलं, हे सांगू शकणारी माणसं आता ऐंशी-नव्वदीत आहेत. त्यासाठी मोठी पदवी लागत नाही. वही लागते, चिकाटी लागते आणि समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यावं लागतं. चापेकरांनी हे काम निवृत्तीनंतर केलं. आपल्यापैकी कितीतरी जण निवृत्त आहेत. सुरुवात स्वतःच्या आळीपासून करता येईल.