कुलूप, किल्ली आणि कपाटातली प्रत

लोणारच्या एका शाळेत आम्ही विवराविषयी बोलायला गेलो होतो. मुख्याध्यापकांनी आम्हाला आधी कार्यालयातल्या संगणकापुढे नेले. गुणपत्रकांच्या फायलींची नावे बदलली होती, एकही उघडत नव्हती आणि पडद्यावर पैशांची मागणी होती. ‘‘सर, प्रत काढली होती,’’ लिपिक म्हणाले, ‘‘पण पेनड्राइव्ह संगणकालाच लावलेला राहिला.’’ त्यातल्या फायलींनाही तेच कुलूप लागले होते.

याला रॅन्समवेअर, म्हणजे खंडणीखोर आज्ञावली म्हणतात. तिचा इतिहास पाहिला की चूक कुठे झाली ते कळते.

पहिले गाजलेले उदाहरण डिसेंबर १९८९ मधले. एड्सविषयी माहिती देणाऱ्या म्हणून हजारो फ्लॉपी टपालाने अनेकांच्या हाती पडल्या. संगणक सुमारे ९० वेळा सुरू केला की फायलींची नावे सांकेतिक लिपीत बदलत आणि पनामातल्या पत्त्यावर १८९ डॉलर पाठवण्याची सूचना येई. जोसेफ पॉप या अमेरिकी जीवशास्त्रज्ञावर याचा आरोप झाला. मात्र कुलूप लावण्याची आणि उघडण्याची किल्ली एकच होती व ती आज्ञावलीतच दडलेली होती. जिम बेट्स यांनी ती शोधून उतारा तयार केला.

१९९६ मध्ये अ‍ॅडम यंग व मोटी युंग यांनी पुढचा धोका दाखवून दिला. टपालपेटीत पत्र कोणीही टाकू शकतो, पण ते काढता येते फक्त पेटीची किल्ली असणाऱ्याला. तशाच दोन वेगळ्या किल्ल्या वापरल्या, तर कुलूप लावणारी किल्ली हाती येऊनही उपयोग नाही. उघडणारी किल्ली खंडणीखोराकडेच राहते.

२७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ ही आज्ञावली युक्रेनमधल्या एका करविषयक सॉफ्टवेअरमार्फत जगभर पसरली. मर्स्क या जहाज कंपनीचे जाळे कोलमडले आणि न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातल्या तिच्या समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. नॉटपेट्या खंडणी मागत होती, पण किल्ली परत देण्याची सोयच तिच्यात नव्हती. पैसे भरूनही फायली मिळाल्या नसत्या.

मग मर्स्क सावरली कशी? साऱ्या जाळ्याची नोंद ठेवणारे तिचे सर्व्हर जगभर पुसले गेले होते. एकच वाचला, घानामधला. कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती! भारनियमन सोसलेल्या आपल्या वाचकांना याचे मर्म सांगायला नको. त्याच प्रतीच्या आधारे सुमारे १० दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक पुन्हा उभे राहिले.

तात्पर्य, जोडलेली प्रत ही प्रतच नव्हे. प्रत काढली की पेनड्राइव्ह उपसून कपाटात ठेवावा. दुसरी प्रत शाळेबाहेर असावी. कुलूप लागलेच, तर जाळ्याची जोडणी प्रथम तोडावी. २०१६ पासून ‘नो मोअर रॅन्सम’ हा उपक्रम काही प्रकारांच्या किल्ल्या मोफत देतो. तिथे शोध घ्यावा. मग संगणक पूर्ण पुसून स्वच्छ प्रतीवरून फायली घ्याव्यात.

लोणारच्या त्या शाळेतल्या कुलपाची किल्ली मिळाली नाही. गुण परत मिळाले ते शिक्षकांनी हाताने लिहून कपाटात ठेवलेल्या वह्यांतून.