गंगारामचा गेंडा आणि तुळशीबागेतला गणपती

गणेशोत्सवातल्या एका सुट्टीला मी ठरवून प्रदर्शनं पाहायला निघालो. सकाळी घोले रस्त्यावरचं राजा रविवर्मा कलादालन. प्रत्येक चित्राखाली चिठ्ठी होती: नाव, माध्यम, किंमत. खरं सांगायचं तर चित्रांपेक्षा मी चिठ्ठ्याच जास्त वाचल्या.

मग नदी ओलांडून बुधवार पेठेत आलो. पुण्यातलं सगळ्यात मोठं कलाप्रदर्शन इथंच भरतं, तेही फुकट आणि रस्त्यावर. तुळशीबागेच्या गणपतीसमोर उभा राहिलो. ही फायबरची मूर्ती 1975 ची, शिल्पकार डी. एस. खटावकर. शेजारी फोटो काढणाऱ्या चार-पाच जणांना विचारलं, मूर्ती कुणी केली? कुणालाच सांगता आलं नाही. इथं चिठ्ठी नसते ना!

तिथून शनिवारवाडा चालत काही मिनिटांवर. 1790 च्या दशकात या वाड्यात चित्रशाळा होती, हे मला बरंच उशिरा कळलं. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकाराने ती निघाली. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार तिथं शिकवायचा. त्यानेच सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांची चित्रं रंगवली. त्याच्या हाताखाली एक पुणेकर होता, गंगाराम चिंतामण नवगिरे-तांबट.

गंगारामने नोव्हेंबर 1790 मध्ये पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला. वेरूळची लेणीही रेखाटली. पण 1803 मध्ये लंडनहून वेरूळचा चित्रसंग्रह निघाला, तो ओळखला गेला वेल्स आणि थॉमस डॅनियल यांच्या नावाने. गंगारामची चित्रं मॅलेटसोबत इंग्लंडला गेली आणि आज ती अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. चित्रं कुणीतरी जपली, म्हणून नाव उरलं. शनिवारवाड्यात मात्र मला त्याच्या नावाची पाटी कुठं दिसली नाही.

देखाव्यांचं तर याहून अवघड. दहा दिवस लाखो लोक बघतात, अकराव्या दिवशी मिरवणूक निघते आणि मग सगळं उतरवलं जातं. येलसारखं जपून ठेवणारं कुणी नाही.

संध्याकाळी परत बुधवारात आलो. एका देखाव्याच्या मागं, वायरी गुंडाळत बसलेल्या कारागिराला नाव विचारलं. तो आधी दचकला. त्याला वाटलं, तक्रार आहे. मग हसून त्याने नाव सांगितलं, स्पेलिंगसकट.

फोनमधल्या त्या फोटोखाली मी ते लिहून ठेवलंय. पुढच्या वर्षी तुम्हीही एक तरी नाव विचारा.