सिल्व्हर घोस्ट : एका मोटारीचा आणि तिच्यापासून दुरावलेल्या नावाचा इतिहास

१/
१९०७ च्या उन्हाळ्यात लंडन आणि ग्लासगो या शहरांदरम्यान एक चंदेरी मोटार रात्रंदिवस धावत होती. रविवार तेवढा विश्रांतीचा. या मोटारीने रोल्स-रॉइसला जगभर नाव मिळवून दिले. मात्र एक्क्याण्णव वर्षांनी त्या नावाची आणि त्या मोटारीची ताटातूट झाली. ती कशी झाली, त्याची ही हकीकत.

२/
जुन्या मोटारीच्या इतिहासात तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात : सांगाड्यावर कोरलेला चासी क्रमांक, सरकारदरबारी नोंदलेला वाहन क्रमांक आणि लोकांच्या तोंडी असलेले नाव. या मोटारीपुरते हे तीन धागे असे : चासी क्रमांक ६०५५१, वाहन क्रमांक एएक्स २०१ आणि नाव 'सिल्व्हर घोस्ट', म्हणजे चंदेरी भूत. यांतले नाव सर्वांत प्रसिद्ध आणि पुराव्याच्या दृष्टीने सर्वांत कच्चे.

३/
आरंभ दोन अगदी भिन्न माणसांपासून होतो. हेन्री रॉइस (जन्म १८६३) हा पिठाची गिरणी चालवणाऱ्याचा मुलगा. लहानपणी वर्तमानपत्रे विकून पोट भरलेला, पुढे मँचेस्टरमध्ये विजेच्या उपकरणांचा कारखाना काढलेला. चार्ल्स रोल्स (जन्म १८७७) हा उमराव घराण्यातला, केंब्रिजमध्ये शिकलेला, लंडनमध्ये परदेशी मोटारी विकणारा. ४ मे १९०४ रोजी मँचेस्टरच्या मिडलँड हॉटेलात दोघांची गाठ पडली. मोटारी रॉइसने घडवाव्यात आणि रोल्सने विकाव्यात, असे ठरले.

४/
या जोडगोळीत तिसरा माणूस होता क्लॉड जॉन्सन. ब्रिटनच्या ऑटोमोबाइल क्लबचा तो पहिला सचिव. रोल्स आणि रॉइस या दोन नावांमधली जोडरेघ म्हणजे जॉन्सन, असे त्याच्याविषयी गमतीने म्हटले जाई. रॉइसला यंत्राची जाण होती, रोल्सला श्रीमंत गिऱ्हाइकांची. लोकांचा विश्वास कशाने बसतो, हे मात्र जॉन्सनला कळत होते.

५/
त्या काळी सहा सिलिंडरच्या इंजिनाची मोठी व्यथा होती. लांबलचक क्रँकशाफ्टला पीळ बसे, ती थरथरे आणि कधी तुटेही. रॉइसच्या आधीच्या सहा सिलिंडरी मोटारीलाही हा त्रास झाला होता. नव्या ४०/५० अश्वशक्तीच्या मोटारीत त्याने सिलिंडर तीन-तीनच्या दोन ठोकळ्यांत बसवले, क्रँकशाफ्ट जाड करून ती सात बेअरिंगांवर पेलली आणि वंगणाचे तेल दाबाने खेळवले. ७,०३६ सीसीचे हे अवाढव्य इंजिन आश्चर्यकारक शांतपणे चाले. १९०६ च्या अखेरीस लंडनच्या ऑलिम्पिया प्रदर्शनात ही मोटार लोकांसमोर आली.

६/
येथे एक बारकावा लक्षात घ्यायला हवा. त्या काळी अशा मोटारीचा कारखाना संपूर्ण गाडी विकत नसे. तो इंजिन, चाके आणि सांगाडा एवढेच देई. आसने, दारे, टप असे सारे घडवण्यासाठी गिऱ्हाईक स्वतंत्र बॉडी-कारागिराकडे जाई. पुढे फॅशन बदलली की तोच सांगाडा ठेवून वर नवी बॉडी चढवली जाई. म्हणून जुन्या मोटारीची ओळख तिच्या देखणेपणावर ठरत नाही. ती सांगाड्यावरच्या क्रमांकावर ठरते.

७/
जॉन्सनने या मालिकेतला बारावा सांगाडा कंपनीच्या प्रसिद्धीसाठी राखून ठेवला. लंडनच्या बार्कर अँड कंपनीने त्यावर उघडी, प्रशस्त बॉडी चढवली. रंग ॲल्युमिनियमचा आणि दिवे व इतर जडाव चांदीचा मुलामा दिलेला. पुढच्या बाजूला नावाची पाटी बसली : सिल्व्हर घोस्ट. मोटार चंदेरी होती आणि भुतासारखी, चाहूल न देता येई. नाव या एका गाडीचे होते, साऱ्या मालिकेचे नव्हे.

८/
मग परीक्षा सुरू झाली. मे १९०७ मध्ये क्लबच्या निरीक्षकाच्या देखरेखीखाली दोन हजार मैलांची चाचणी झाली. जूनमध्ये स्कॉटलंडमधील विश्वासार्हता-स्पर्धा झाली आणि तेथे सुवर्णपदक मिळाले. जॉन्सनने त्यावर समाधान मानले नाही. तीच मोटार लंडन-ग्लासगो मार्गावर पुन्हा पुन्हा पळवली गेली. ध्येय होते पंधरा हजार मैलांचे. चालक आलटून-पालटून बसत. स्वतः रोल्स आणि जॉन्सनही त्यांत होते.

९/
या प्रवासात मोटार आपणहून एकदाच थांबली, ६२९ मैलांवर. कारण क्षुल्लक होते. खडबडीत रस्त्यावरच्या हादऱ्यांनी पेट्रोलची तोटी बंद झाली होती. ती उघडली आणि गाडी निघाली. पुढचे १४,३७१ मैल यंत्राच्या दोषामुळे ती एकदाही थांबली नाही. ज्या काळात घोडागाडीपेक्षा मोटारीवर कमी भरवसा ठेवला जाई, त्या काळातला हा आकडा आहे.

१०/
चाचणी ऑगस्टमध्ये संपली, तेव्हा क्लबच्या तज्ज्ञांनी मोटार सुटी करून प्रत्येक भाग मोजून पाहिला. यंत्र पुन्हा नव्यासारखे करण्यासाठी लागणाऱ्या सुट्या भागांची किंमत भरली दोन पौंड, दोन शिलिंग आणि सात पेन्स. केवळ सांगाड्याचीच किंमत हजार पौंडांच्या आसपास होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या बिलाचे मोल कळते. जॉन्सनच्या हाती जाहिरातीपेक्षा मोठी वस्तू आली होती : तिऱ्हाइताने दिलेला लेखी पुरावा.

११/
ब्रिटनच्या रस्त्यांवर सिद्ध झालेली ही मोटार वसाहतीच्या रस्त्यांवर टिकेल काय, हा प्रश्न उरला होता. त्याचे उत्तर सह्याद्रीने दिले. याच मालिकेतील एक मोटार फ्रँक नॉर्बरी या व्यापाऱ्याने मुंबईत आणली. 'पर्ल ऑफ द ईस्ट', म्हणजे पूर्वेचा मोती, हे तिचे नाव. १९०८ मध्ये मुंबई-कोल्हापूर अशी सुमारे ६२० मैलांची चाचणी झाली. घाटांची चढण आणि तेव्हाचे रस्ते, या दोन्हींना ती पुरून उरली.

१२/
ही मोटार पुढे ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे यांनी विकत घेतली. हिंदुस्थानातील संस्थानिक आणि रोल्स-रॉइस यांच्या दीर्घ नात्याच्या आरंभीचा हा टप्पा. म्हणजे या नात्याच्या मुळाशी मुंबई-कोल्हापूरचा रस्ता आणि एक मराठी राजघराणे आहे. हौस आणि डामडौल होताच. पण आधी घाट चढून दाखवावा लागला.

१३/
इकडे 'सिल्व्हर घोस्ट' हे नाव आपल्या मालकिणीच्या हातून निसटू लागले होते. लोक ४०/५० जातीच्या प्रत्येक मोटारीला त्याच नावाने ओळखू लागले. १९२५ मध्ये कंपनीने 'फँटम' हे नवे प्रारूप आणले, तेव्हा जुन्याला वेगळे ओळखण्यासाठी कंपनीनेही तेच नाव अधिकृतपणे स्वीकारले. एका गाडीची पाटी पावणेआठ हजारांहून अधिक मोटारींच्या नावे झाली. संग्रहालयातल्या पाटीवर 'सिल्व्हर घोस्ट' दिसले, तर ती जात झाली, व्यक्ती नव्हे.

१४/
त्या जातीचा पसारा थक्क करणारा आहे. पहिल्या महायुद्धात याच सांगाड्यांवर चिलखती गाड्या उभ्या राहिल्या आणि अरबस्तानच्या वाळवंटात लॉरेन्सने त्या वापरल्या. लेनिनच्या वापरातील एका मोटारीला बर्फासाठी मागच्या चाकांच्या जागी पट्टे बसवलेले होते. सम्राटांपासून क्रांतिकारकांपर्यंत सर्वांना एकच यंत्र भावले.

१५/
आणि मूळ एएक्स २०१ ? १९०८ मध्ये कंपनीने ती चक्क विकून टाकली. कंपनीच्या दृष्टीने ते वापरलेले प्रदर्शन-वाहन होते. वारसा वगैरे कल्पना अजून जन्मायची होती. डॅन हॅनबरी यांच्याकडे गेलेली ही मोटार पुढे लांबलांबच्या सफरी करीत राहिली. चाळीस वर्षे ती जिवंत राहिली, याचे कारण ती कोणी जपून ठेवली हे नव्हे, तर ती वापरात होती, हे आहे.

१६/
दरम्यान घडवणारे एकेक करून गेले. रोल्स १२ जुलै १९१० रोजी बोर्नमथ येथे विमान-अपघातात दगावला. विमान-अपघातात मरण पावलेला तो पहिला ब्रिटिश नागरिक. रॉइस १९३३ मध्ये निवर्तला. कंपनीचे मुख्य बळ विमानांच्या इंजिनांकडे वळले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींचे काम क्रू या गावी गेले. १९४८ मध्ये एएक्स २०१ कंपनीकडे परत आली. आता ती जुनी गाडी नव्हती, कुलदैवत झाली होती.

१७/
मग घराण्यात वाटणी झाली. फेब्रुवारी १९७१ मध्ये आरबी-२११ या विमान-इंजिनाच्या खर्चाखाली रोल्स-रॉइस कंपनी कोसळली. विमान-इंजिनांचा भाग सरकारने ताब्यात घेतला. मोटारींचा विभाग वेगळा करण्यात आला आणि १९८० मध्ये तो व्हिकर्स या उद्योगाकडे गेला. मात्र 'रोल्स-रॉइस' या नावावरचा अंतिम हक्क विमान-इंजिनांच्या कंपनीकडेच राहिला. मोटारवाले ते नाव वापरत, पण ते त्यांच्या मालकीचे नव्हते.

१८/
या कलमाचे महत्त्व १९९८ मध्ये कळले. व्हिकर्सने मोटारींचा विभाग विकायला काढला. जर्मनीच्या फोक्सवागनने ४३ कोटी पौंडांना तो घेतला : क्रूचा कारखाना, बेंटले हे नाव, बॉनेटवरच्या पंखधारी मूर्तीचे आणि देवळाच्या दर्शनी भागासारख्या जाळीचे हक्क. पण 'रोल्स-रॉइस' हे नाव विमान-इंजिनांच्या कंपनीने बीएमडब्ल्यूला दिले, अवघ्या ४ कोटी पौंडांत.

१९/
मूर्ती एकाकडे, नाव दुसऱ्याकडे ! तडजोड झाली ती अशी : २००३ पासून रोल्स-रॉइस मोटारी बीएमडब्ल्यू गुडवुड येथील नव्या कारखान्यात बनवणार, क्रू येथे फक्त बेंटले. आणि एएक्स २०१ ? ती नावाबरोबर गेली नाही, कारखान्याबरोबर गेली. ज्या मोटारीने रोल्स-रॉइसला कीर्ती मिळवून दिली, ती त्या वाटणीत बेंटलेच्या घरी राहिली.

२०/
मग अस्सल वारस कोण ? नाव चालवणारा, की वस्तू सांभाळणारा ? इतिहासाच्या अभ्यासकासाठी हा प्रश्न अवघड नाही. जमिनीचा मालक गावातल्या गोष्टींवरून ठरत नाही, सातबाऱ्यावरून आणि त्यावरच्या फेरफारांवरून ठरतो. मोटारीचा सातबारा म्हणजे चासी क्रमांक, कारखान्याची नोंद, बॉडी-कारागिराची नोंद आणि प्रत्येक विक्रीचा कागद. साखळीतली एक कडी निसटली तरी पुढचे सारे दावे लटके पडतात.

२१/
या कसोटीवर एक परिचित कथा घासून पाहण्यासारखी आहे. लंडनच्या दुकानात अपमान झाला म्हणून एका महाराजांनी रोल्स-रॉइस घेऊन त्यांवर शहराचा कचरा वाहिला, ही ती कथा. बहुधा ती अलवरच्या जयसिंहांविषयी सांगतात, कधी पतियाळा, कधी भरतपूर, कधी हैदराबादच्या नावाने. महाराज बदलतात, दुकान तेच राहते. चासी क्रमांक मात्र त्या कथेत कधीच येत नाही. स्वाभिमान सुखावतो, पुरावा हाती लागत नाही.

२२/
एएक्स २०१ च्या बाबतीत याच्या नेमके उलटे आहे. तिची चाचणी निरीक्षकाच्या डोळ्यांदेखत झाली, दोन पौंडांचा खर्चसुद्धा नोंदला गेला, विक्री आणि परतीची वर्षे ठाऊक आहेत. १९९० च्या सुमारास तिची मोठी डागडुजी झाली. तिने पाच लाखांहून अधिक मैल कापले, असे सांगितले जाते. इतकी धाव घेतलेल्या यंत्रातले अनेक भाग बदलणारच. तरी ती तीच मोटार ठरते, कारण प्रत्येक वळणावर ६०५५१ हा आकडा तिची साक्ष देतो.

२३/
नाव एका गाडीवरून हजारोंवर गेले, कंपनीचे नाव एका देशातून दुसऱ्या देशाच्या मालकीत गेले. मूर्ती, जाळी, कारखाना, सर्वांची वाटणी झाली. सांगाड्यावर कोरलेले पाच आकडे तेवढे जागचे हलले नाहीत. एखाद्या वाड्यातल्या जुन्या मोटारीपुढे उभे राहिल्यावर ती कोणाची होती, हे पहिले विचारले जाते. त्याआधी तिचा क्रमांक पाहावा. खरा इतिहास तिथून सुरू होतो.

#इतिहास #मराठी