कवळीचे द्रव्य

पडलेल्या दातांची उणीव भरून काढण्याचा मनुष्याचा उद्योग फार प्राचीन आहे. परंतु त्याचा इतिहास पाहू जाता असे दिसते की, कारागिराच्या हाती कसब पुष्कळ होते, अडत होते ते द्रव्यापाशी. इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमारास इटलीतील एट्रुस्कन लोक सोन्याच्या पातळ पट्टीत परके दात बसवून ती पट्टी शेजारच्या शाबूत दातांना जखडीत. आणि जपानात वाकायामा येथे १५३८ साली निवर्तलेल्या एका बौद्ध भिक्षुणीची लाकडी कवळी अशी कोरलेली आहे की, टाळूशी नेमकी जुळल्यामुळे ती केवळ चिकटून मुखात राहत असे.

युरोपातील कारागिरांना ही युक्ती अवगत नव्हती. फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वरची कवळी खालच्या दातांवर तोलून धरणाऱ्या कमानींचे वर्णन आहे. द्रव्य म्हणून हस्तिदंत किंवा पाणघोड्याचे सुळे वापरीत. पण ते लाळेने कुजत आणि त्यांना असह्य दुर्गंधी येई. म्हणून दर्शनी भागी खरे मानवी दात बसविण्याची चाल पडली आणि ते पुरविण्याचा भार दरिद्री व परतंत्र लोकांवर पडला. १७८९ साली अमेरिकेच्या अध्यक्षपदाची शपथ घेताना जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या मुखात स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांच्या माउंट व्हर्नन येथील हिशेबवहीत १७८४ साली नऊ दातांबद्दल कृष्णवर्णी गुलामांना सहा पौंड दोन शिलिंग दिल्याची नोंद आहे. १८१५ साली वॉटर्लूच्या रणांगणावर पडलेल्या तरुण सैनिकांचे दात उपटून विकले गेले, आणि त्या रणाचे नाव मानवी दातांच्या व्यापारास कायमचे चिकटले.

या व्यापारातून सुटण्याचा मार्ग चिनी मातीने दाखविला. पॅरिसनजीकचा औषधविक्रेता दुशातो हस्तिदंती कवळीच्या घाणीने त्रासला होता; त्याने १७७४ च्या सुमारास चिनी मातीची कवळी घडवून घेतली, पण भट्टीत माती आक्रसून माप बिघडे. दुबोआ द शेमां याने ती पद्धत सुधारून १७९१ साली इंग्लंडात एकाधिकाराची सनद मिळविली, आणि १८०८ मध्ये फोन्झी याने प्लॅटिनमच्या खिळ्यांसह सुटे दात सिद्ध केले. तरीही ते सोन्याच्या बैठकीवर बसवावे लागत असल्याने सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरच होते. ही अडचण गंधकासह तापवून कठीण केलेल्या रबराने दूर केली: नेल्सन गुडइयर याने १८५१ मध्ये पेटंट घेतलेले हे व्हल्कनाइट हिंगूळ मिसळून हिरड्यांसारखे तांबूस करता येई, साच्यात हव्या त्या आकारास येई, आणि स्वस्तही पडे. मात्र अशा कवळ्यांसाठी दंतवैद्यांकडून परवान्याची फी सक्तीने वसूल करणाऱ्या कंपनीचा खजिनदार जोसाया बेकन याचा १८७९ साली सॅन फ्रान्सिस्को येथे एका दंतवैद्याने खून केला. दोन वर्षांनी त्या कंपनीचे पेटंट संपले. पुढे विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात ॲक्रिलिकने रबराची जागा घेतली.

कवळीच्या या प्रगतीत सोय आणि सौंदर्य यांहून मोठा लाभ नीतीचा आहे. एकाचे उणे भरण्यासाठी दुसऱ्याचे मुख रिते करणे ज्या काळी व्यवहार मानले जात होते, त्या काळाला केवळ उपदेशाने आळा बसला नाही. माती आणि रबर यांवर प्रयोग करणाऱ्यांनी निर्दोष द्रव्य उपलब्ध केले, तेव्हाच दरिद्री मनुष्याचे दात बाजारातून उठले आणि त्यालाही पोटापुरते चावून खाण्याचा हक्क लाभला. शास्त्राच्या थोरवीचे माप शोधताना हा जमाखर्च आपण अवश्य मांडला पाहिजे.