विद्रोह आणि अनुताप : ख्रिस्तपुराणाच्या निमित्ताने

देवळाच्या सभामंडपात बसून पुराण ऐकण्याची परंपरा आपल्याकडे फार जुनी आहे. पुराणिकाने ओवी म्हणावी, तिचा अर्थ उलगडावा, श्रोत्यांनी शंका विचाराव्यात, ही रीत गोमंतकातील एका इंग्रज धर्मोपदेशकाने चांगली ओळखली होती. फादर थॉमस स्टीफन्स हे 1579 साली गोव्यात आले आणि 1619 साली येथेच त्यांचा अंत झाला. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली साष्टीतील रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या मराठी ग्रंथाचे ‘पहिले पुराण’ आणि ‘दुसरे पुराण’ असे दोन भाग आहेत. पहिल्या भागाच्या मुळाशी जो विषय आहे, तो म्हणजे मनुष्याने ईश्वराविरुद्ध केलेला विद्रोह. मिल्टन या इंग्रज कवीचे याच कथेवरील विख्यात महाकाव्य 1667 साली प्रसिद्ध झाले. म्हणजे ती कथा एका इंग्रजाने मराठी ओवीत त्याच्या 51 वर्षे आधीच सांगितली होती.

कथा मूळची यहुदी लोकांची, बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या ग्रंथातली. ईश्वराने आदाम व एवा यांस उद्यानात ठेवले आणि एका झाडाचे फळ तेवढे वर्ज्य केले. सर्पाच्या बोलण्यास भुलून त्यांनी ते खाल्ले. आपल्या वाचकांस प्रथम वाटते की, एका फळासाठी केवढी ही शिक्षा! परंतु ख्रिस्ती विचारवंतांच्या दृष्टीने प्रश्न फळाचा नाहीच. बरेवाईट ठरविण्याचा अधिकार आपल्या हाती घेऊन ईश्वरासमान होण्याची इच्छा, हा खरा अपराध. पुढचा प्रसंग त्याहून मार्मिक आहे. ईश्वराची चाहूल लागताच दोघे झाडांआड लपतात. जाब विचारला असता आदाम एवेकडे बोट दाखवितो आणि एवा सर्पाकडे. आज्ञाभंग झाला, पण कबुली कोणीच दिली नाही.

आपल्या शास्त्रांत दुःखाचे मूळ बहुधा अविद्येत शोधले जाते; कर्माचे फळ भोगावे लागते आणि ज्ञानाने वा भक्तीने बंध तुटतो. ख्रिस्ती धर्मात पाप हे मुख्यतः नात्याचा भंग मानले आहे. पुत्राने पित्याकडे पाठ फिरवावी, तसे. म्हणून त्यावरचा उपायही परत वळणे हाच होय. पश्चात्तापासाठी हिब्रू भाषेत जो धातू आहे त्याचा अर्थ ‘परतणे’ असा आहे, तर ग्रीक शब्द ‘मेटानोइया’ याचा अर्थ मनाचा पालट. तुटलेले हे नाते मनुष्य स्वबळावर जोडू शकत नाही. येशूच्या क्रुसावरील मरणाने ईश्वराने स्वतःच ते अंतर ओलांडले, अशी त्या धर्माची श्रद्धा आहे. लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राच्या दृष्टांतात हेच सांगितले आहे. सर्व संपत्ती उडवून कंगाल झालेला मुलगा घरी परततो, तेव्हा पिता त्यास दुरून पाहून धावत सामोरा जातो.

या विचारास मोठी खोली दिली ती उत्तर आफ्रिकेतील संत ऑगस्टीन (354–430) यांनी. आपल्या आत्मकथनात ते सोळाव्या वर्षीची एक चोरी आठवतात. मित्रांसह त्यांनी रात्री शेजारच्या झाडाची नासपतीची फळे चोरली आणि बहुतेक डुकरांपुढे टाकली. भूक नव्हती, घरी त्याहून चांगली फळे होती. मग चोरी का केली? निषिद्ध होते म्हणून. आदामाचा विद्रोह आपल्याच ठायी आहे, ही जाणीव त्यांना त्या क्षुल्लक घटनेत झाली. दुसऱ्याकडे बोट न दाखविता स्वतःचे मन तपासणे, ही अनुतापाची पहिली पायरी होय. आपल्या संतांच्या अभंगांतून ओळखीची असलेली आर्तता येथेही भेटते.

आता गोमंतकाकडे वळू. स्टीफन्स यांच्या पुराणाची पार्श्वभूमी विसरून चालणार नाही. 1560 साली गोव्यात इन्क्विझिशन स्थापन झाले आणि मधल्या काही वर्षांचा खंड वगळता ते 1812 पर्यंत चालले. 1567 साली साष्टीतील देवळे पाडली गेली. मंगेशाने कुशस्थळीहून प्रियोळास आणि शांतादुर्गेने केळशीहून कवळ्यास स्थलांतर केले, ते याच शतकात. 1583 साली कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट धर्मोपदेशक मारले गेले. पुढे गावच्या पुढाऱ्यांस बोलणीच्या मिषाने बोलावून ठार करण्यात आले. शब्दांवरही या काळाची छाया पडली. हिंदू गावकरी ज्या देवचारास गावाचा राखणदार मानतात, तोच शब्द ख्रिस्ती कोंकणीत सैतानाचे, त्या आद्य विद्रोह्याचे, नाव झाला.

येथे त्या सिद्धांतानेच प्रश्न उभा केला आहे. पश्चात्ताप जर मनाचा पालट असेल, तर भयाने झालेला पालट कोणता? पित्याने दृष्टांतातील पुत्रास दोरखंडाने ओढून आणले नव्हते. जी सत्ता इतरांस अनुतापाचा उपदेश करीत होती, तिनेच दुसऱ्याच्या अंतःकरणावर अधिकार सांगितला. आणि ईश्वराचा अधिकार आपल्या हाती घेणे हेच तर आदामाचे पाप होते.

या प्रश्नास उत्तर फार उशिरा, पण त्याच परंपरेतून आले. 12 मार्च 2000 रोजी रोम येथील सेंट पीटर मंदिरात पोप दुसरे जॉन पॉल यांनी चर्चच्या अपत्यांच्या अपराधांची जाहीर कबुली देऊन ईश्वराजवळ क्षमा मागितली. सत्याच्या नावाखाली केलेली हिंसा आणि इतर लोकांच्या संस्कृती व धर्म यांचा अनादर, यांचाही त्यात उल्लेख होता. शब्द सर्वसाधारण होते. त्याने पाडलेले देऊळ उभे राहत नाही. तथापि येथे बोट दुसऱ्याकडे दाखविले गेले नाही.

कवळ्याच्या वा मंगेशीच्या देवळात उभ्या असलेल्या भाविकाने ख्रिस्तपुराण वाचावे काय? अवश्य वाचावे. ते आपल्याच भाषेतले आहे. झाडाआड लपलेल्या आदामाची ती कथा वाचताना देवळे पाडणाऱ्यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. मात्र तेथेच न थांबता आपणही केव्हा आणि कोणाकडे बोट दाखवून सुटका करून घेतली, हे ज्याला आठवेल त्याला या पुराणाचा अर्थ उमगला असे म्हणता येईल.