दोन ऑक्टोबर : शरदातील बिअरचा इतिहास

अठराव्या शतकातील इंग्रजी साहित्य वाचताना 'ऑक्टोबर क्लब' हे नाव विद्यार्थ्यांना भेटते आणि बहुधा एका तळटीपेत संपते. राणी अ‍ॅनच्या कारकिर्दीत पार्लमेंटमध्ये ग्रामीण भागातून निवडून आलेल्या टोरी सभासदांचा हा गट होता. १७११ साली 'स्पेक्टेटर'च्या नवव्या अंकात लंडनमधील क्लबांची थट्टा करताना अ‍ॅडिसनने त्याचा उल्लेख केला. पुढच्याच वर्षी जोनाथन स्विफ्टने या उतावळ्या मंडळींना चार समजुतीच्या गोष्टी सांगणारे पत्रक लिहिले. क्लबाचे नाव वस्तुतः महिन्यावरून नव्हे, पेयावरून आले होते. 'ऑक्टोबर' म्हणजे त्या महिन्यात तयार केलेली आणि तळघरात दीर्घकाळ मुरवलेली कडक बिअर. ती जमीनदाराच्या वाड्यात, आपल्याच कुळांच्या शेतातील सातूपासून बनत असे. लंडनचे सावकार आणि दरबारी यांच्याविषयी मनात अढी असलेल्या ग्रामीण सरदारवर्गाने आपली ओळख या पेयावरून सांगावी, यात एक राजकीय विधान होते. आमचे सारे काही आमच्या मातीतले आणि आमच्या ऋतूतले आहे, असे ते विधान होते.

आज ऑक्टोबर आणि बिअर हे दोन शब्द एकत्र उच्चारले की म्युनिकचा 'ऑक्टोबरफेस्ट' आठवतो. पण म्युनिकचा ऑक्टोबर आणि इंग्लंडचा ऑक्टोबर यांच्या दिशा एकमेकींच्या उलट आहेत. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर हा बिअर आंबवायला घालण्याचा महिना होता, तर बव्हेरियात तो साठवलेली बिअर पिऊन संपवण्याचा. एका ठिकाणी आरंभ, दुसऱ्या ठिकाणी समाप्ती. आणि तरीही दोहोंचे कारण एकच होते. ते कारण म्हणजे उन्हाळा.

मोड आणून भाजलेल्या सातूचा काढा यीस्टच्या साहाय्याने आंबतो आणि त्याची बिअर होते. हवा उष्ण असली की यीस्टबरोबर इतर सूक्ष्मजीवही त्या काढ्यात वाढतात आणि तो नासतो. या नासण्याची शास्त्रीय मीमांसा लुई पाश्चरने बिअरवरील आपल्या ग्रंथात १८७६ साली केली. परंतु उन्हाळ्यात बिअर बिघडते हे त्याआधी कित्येक शतके बनवणाऱ्यांना अनुभवाने ठाऊक होते, आणि राज्यकर्त्यांनाही. १५१६ साली बव्हेरियाच्या ड्यूकांनी काढलेला प्रसिद्ध फतवा आज 'शुद्धतेचा कायदा' म्हणून ओळखला जातो. सातू, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही वापरू नये, हे त्यातले कलम सर्वांना पाठ असते. फतव्याचा आरंभ मात्र दरांनी होतो. सेंट मायकेलच्या सणापासून सेंट जॉर्जच्या सणापर्यंत, म्हणजे २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल या काळात, एका मापाला एक पेनिग. उरलेल्या उन्हाळी महिन्यांत जास्तीत जास्त दोन. ऋतूचा फरक असा सरळ पैशात मोजलेला होता. पुढे १५५३ साली ड्यूक आल्ब्रेख्ट पाचवा याने उन्हाळ्यात बिअर बनवण्यावर बंदी घातली, आणि ही शिस्त एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकली.

बंदीचा परिणाम उघड होता. उन्हाळाभर पुरेल एवढी बिअर मार्चमध्येच तयार करून ठेवणे भाग पडले. ती टिकावी म्हणून तिच्यात सातू आणि हॉप्स जास्त घालत. तिचे नावच 'मेर्त्सन', म्हणजे मार्चची. पिंपे थंड राहावीत म्हणून नदीकाठी खोल तळघरे खोदली गेली, वर सावलीसाठी चेस्टनटची झाडे लावली गेली. त्या झाडांखाली बसून लोक बिअर पिऊ लागले. १८१२ साली राजा माक्सिमिलियन योझेफ याने तळघरांच्या जागी बिअर विकण्यास परवानगी दिली, मात्र पावाखेरीज खाद्यपदार्थ विकण्यास मनाई केली. आज ज्याला 'बिअर गार्डन' म्हणून जगभर मिरवले जाते, ते मुळात एका साठवणुकीच्या अडचणीचे छप्पर होते.

सप्टेंबरच्या अखेरीस नवा हंगाम सुरू होण्यापूर्वी जुनी पिंपे रिकामी करणे हा व्यवहाराचा भाग होता. ऑक्टोबरफेस्टचा जन्म मात्र यातून झालेला नाही. १२ ऑक्टोबर १८१० रोजी युवराज लुडविग आणि राजकन्या टेरेझे यांचा विवाह झाला, आणि १७ ऑक्टोबरला शहराबाहेरच्या कुरणावर घोड्यांची शर्यत झाली. ही शर्यत दरवर्षी होऊ लागली, तिला शेतकी प्रदर्शन जोडले गेले, आणि बिअरचे तंबू हळूहळू मध्यभागी सरकले. म्हणजे राजघराण्याचा एक समारंभ आणि शेतीच्या वर्षाचा एक जुना सांधा यांची गाठ योगायोगाने पडली. पुढे हवा बरी मिळावी म्हणून उत्सवाचा आरंभ सप्टेंबरात आणला गेला. नाव ऑक्टोबरचे राहिले, दिवस बहुतांशी सप्टेंबरचे झाले.

इंग्लंडच्या ऑक्टोबरचे पुढे काय झाले, याचे उत्तर मुंबई-कलकत्त्याच्या बंदरांत सापडते. लंडनच्या पूर्वेला बो या ठिकाणी हॉजसन घराण्याची ब्रुअरी होती. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे जेथून सुटत तो धक्का तिथून जवळ होता. जहाजांचे कप्तान आपल्या खासगी व्यापारासाठी हॉजसनची बिअर उधारीवर उचलीत आणि हिंदुस्थानातील गोऱ्या अधिकाऱ्यांना विकीत. हिंदुस्थानासाठी म्हणून कोणी एक खास बिअर शोधून काढली, ही 'इंडिया पेल एल'ची लोकप्रिय कथा मार्टिन कॉर्नेल या इतिहासकाराने खोडून काढली आहे. त्याच्या मते जहाजावर चढली ती तीच जुनी, जमीनदारांच्या तळघरात मुरणारी ऑक्टोबर बिअर. विषुववृत्त दोनदा ओलांडणाऱ्या काही महिन्यांच्या प्रवासात, हेलकावे आणि उष्णता सोसून ती एवढी परिपक्व होई की तळघरातील दीर्घ मुक्कामाचे काम प्रवासानेच उरकावे. पुढे बर्टन गावचे उत्पादक या बाजारात उतरले, आणि 'इंडिया पेल एल' हे नाव १८२९ पासून छापील जाहिरातींत दिसू लागले. ऋतूचे नाव गळून पडले आणि त्या जागी वसाहतीचे नाव आले.

आता ज्या उन्हाळ्याने हे सारे घडवले त्याचाच पराभव कसा झाला ते पाहू. १८७० च्या दशकात म्युनिकच्या स्पाटेन ब्रुअरीचा मालक गाब्रिएल झेडलमायर याने कार्ल लिंडे या प्राध्यापकाच्या शीतकरण यंत्राला पाठबळ दिले. यंत्राने थंडी निर्माण करता येऊ लागली आणि बारा महिने बिअर बनू लागली. १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेनने यीस्टचा एकच शुद्ध वाण वेगळा करून दाखवला. पुढच्या काळात एकसारखी, फिकट, सोनेरी बिअर सर्वत्र पसरली. मार्चची बिअर मार्चमध्येच करण्याचे कारण संपले. गंमत अशी की ज्या तांबूस मेर्त्सनला जग आज 'ऑक्टोबरफेस्टची बिअर' म्हणून ओळखते, ती म्युनिकच्या तंबूंतूनही मागे हटली. तेथे आता मुख्यतः अधिक फिकट रंगाची बिअर मिळते. तांबूस मेर्त्सनचा आग्रह आज अधिक दिसतो तो अमेरिकेत.

अमेरिकेतील क्राफ्ट बिअरची चळवळ हा या इतिहासातला पुनरुज्जीवनाचा अध्याय. दारूबंदीने आणि नंतरच्या एकत्रीकरणाने तेथील लहान ब्रुअऱ्या जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या. १९७८ च्या ऑक्टोबरात अध्यक्ष कार्टर यांनी घरगुती बिअर कायदेशीर करणाऱ्या विधेयकावर सही केली. १९८२ साली चार्ली पापाझियन यांच्या पुढाकाराने कोलोरॅडोतील बोल्डर येथे 'ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हल' सुरू झाला, आणि पुढे तो डेन्व्हरला शरद ऋतूत स्थिरावला. त्याआधी, १९७७ मध्ये, मायकल जॅक्सन या ब्रिटिश लेखकाने (गायकाशी केवळ नामसाधर्म्य) जगातील बिअरचे वर्गीकरण करणारा ग्रंथ लिहिला होता. त्यातून 'शैली' ही संकल्पना रूढ झाली. साहित्याच्या अभ्यासकांना ही प्रक्रिया परिचित वाटेल. समीक्षक वाङ्मयप्रकार निश्चित करतो, स्पर्धा त्या प्रकारांची चौकट घट्ट करतात, आणि मग नवे लेखन त्या चौकटीकडे पाहून होऊ लागते. प्रकार ज्या परिस्थितीतून जन्मला ती परिस्थिती विसरली जाते आणि तिची लक्षणे तेवढी नियम म्हणून उरतात. मेर्त्सनचा तांबूस रंग आणि तिची भरदार चव ही उन्हाळा तरून जाण्याची आणि त्या काळच्या भाजणीची खूण होती. स्पर्धेच्या तक्त्यात ती गुणांची बाब झाली.

या पुनरुज्जीवनात शरदाची दोन रूपे दिसतात, आणि त्यांतला फरक महत्त्वाचा आहे.

पहिले रूप भोपळ्याच्या बिअरचे. वसाहतकाळात अमेरिकेत माल्ट दुर्मिळ होते, म्हणून भोपळ्याचा रस आंबवला जाई. अशी एक कृती १७७१ सालची उपलब्ध आहे. म्हणजे भोपळा हा टंचाईवरचा उपाय होता, आणि माल्ट मुबलक झाल्यावर लोकांनी तो आनंदाने सोडला. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातील हेवर्ड येथे बिल ओवेन्स यांनी त्याला पुन्हा जन्म दिला, पण आता चव दालचिनी-लवंग-जायफळाची होती, भोपळ्याच्या गोड पदार्थाची आठवण देणारी. येथे ऋतू म्हणजे स्मृती आहे, आणि तीही गरिबीची बाजू पुसून उजळलेली.

दुसरे रूप ताज्या हॉप्सचे. हॉप्सच्या वेलींची कडवट, सुगंधी फुले वर्षातून एकदाच, ऑगस्ट-सप्टेंबरात तयार होतात. एरवी ती वाळवून वर्षभर वापरतात. ओली फुले वापरायची तर तोडणीपासून साधारण एका दिवसाच्या आत ती कढईत पडली पाहिजेत. सिएरा नेव्हाडा या ब्रुअरीने १९९६ मध्ये अशी बिअर केली. वॉशिंग्टन राज्यातील याकिमा खोरे, जेथे अमेरिकेतील बहुतांश हॉप्स पिकतात, तेथे २००३ पासून केवळ अशा बिअरचा उत्सव भरतो. लिंडेच्या यंत्राने उन्हाळा हरवला, पण वेलीला वर्षातून दोनदा फुलायला त्याला भाग पाडता आले नाही. येथे ऋतू अजून सक्तीचा आहे, म्हणून तो खरा आहे.

पिकाचा ऋतू म्हटला की तोडणारे हातही आले. उत्सवांच्या वर्णनांत हे हात क्वचितच दिसतात. साहित्यात ते दिसतात. १९३१ च्या शरदात जॉर्ज ऑर्वेल केंट परगण्यात हॉप्स तोडण्याच्या कामावर गेला आणि त्यावर त्याने लेख लिहिला. पुढे तो अनुभव 'अ क्लर्जीमन्स डॉटर' या कादंबरीत उतरला. लंडनच्या पूर्व भागातील गरीब कुटुंबे त्या काळी दरवर्षी लेकराबाळांसह केंटला जात. तोडणीची यंत्रे आल्यावर तो प्रघात संपला. या कुटुंबांच्या बोलण्यात हे दिवस सुट्टीसारखे येत, आणि मजुरी मात्र मापाने मोजून, तुटपुंजी मिळे. शरदाच्या आनंदाचा हिशेब मांडताना या दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या पाहिजेत.

हा हिशेब आपल्या भूमीवरही येऊन पोचतो. हॉजसनची ऑक्टोबर ज्या मुंबई इलाख्यात उतरत होती, त्याच इलाख्यातील डोंगराळ भागात आदिवासींचे स्वतःचे ऋतुबद्ध पेय होते: उन्हाळ्याच्या आरंभी वेचलेल्या मोहफुलांचे. १८७८ च्या अबकारी कायद्याने घरोघरची आणि गावोगावची भट्टी बंद करून मद्य मध्यवर्ती भट्ट्यांकडे आणि परवान्याच्या दुकानांकडे वळवले. १८९२ च्या कायद्याने तर मोहफुलांच्या साठवणुकीवर आणि विक्रीवरही निर्बंध आणले. जे रूढी होते ते गुन्हा कसे ठरले, याचे विवेचन डेव्हिड हार्डिमन यांनी दक्षिण गुजरातच्या संदर्भात केले आहे. त्याचबरोबर, १९२२-२३ च्या देवी चळवळीत त्याच आदिवासींनी दारू आणि ताडी स्वतःहून सोडली आणि मद्यविक्रेत्या सावकारांचा पाश सैल केला, हेही त्यांनीच दाखवले आहे. मोहाच्या दारूचे नुसते गोडवे गाणे त्यामुळे इतिहासाला धरून होणार नाही.

आज मुंबई-पुण्याच्या मायक्रोब्रुअऱ्यांत ऑक्टोबरफेस्ट साजरा होतो. बाहेर 'ऑक्टोबर हीट' असते, आपला शरद कोजागरीच्या आटीव दुधाचा असतो, आणि पेल्यात बव्हेरियाच्या सरलेल्या उन्हाळ्याची आठवण असते. त्यात हसण्यासारखे काही नाही. म्युनिकमध्येही ती आता आठवणच आहे, आणि आपल्या साहित्यात पाऊस न पडताही मेघ दाटून येतात ते याच न्यायाने. संकेत हा परिस्थितीपेक्षा दीर्घायुषी असतो. पण संकेत वाचताना त्यामागची परिस्थिती विचारावी, हे आपल्या शाखेचे काम आहे. एका ऋतूचा उत्सव झाला आणि दुसऱ्याचा गुन्हा झाला. हा भेद हवामानाने केलेला नाही. तो कायद्याने आणि बाजाराने केला. 'ऑक्टोबर क्लब'वरची तळटीप पुढच्या वेळी शिकवताना ती थोडी लांबवायला हरकत नसावी.